क्रेसीच्या मैदानात हँडल नव्हतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शतवार्षिक युद्धावरच्या कादंबरीत तुम्ही १३४६ च्या क्रेसीच्या लढाईचा प्रसंग लिहिलाय. फ्रेंचांच्या बाजूनं लढणारा जिनोआचा एक भाडोत्री क्रॉसबोवाला (क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य) पावसात उभा राहून पोलादी क्रॉसबोच्या मागचं हँडल गरागरा फिरवतोय, दोरी इंच इंच मागे येतेय आणि समोरून इंग्रजांचे बाण कोसळताहेत. क्रॉसबोची ओढ १२०० पौंड असायची असं तुम्ही वाचलंत. म्हणून विचारताय की १५० पौंडांच्या इंग्रजी धनुष्यापेक्षा आठपट ताकदीचं हत्यार हातात असून हे लोक मार खाऊन कसे पळाले, आणि १२०० पौंड एकटा माणूस ओढायचा तरी कसा. जाता जाता चर्चनं या हत्यारावर घातलेल्या बंदीबद्दलही विचारलंय.

प्रसंग चांगला उतरलाय, पण ते हँडल काढावं लागेल. १२०० चा आकडाही. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये हात काळे करून पुढे नोकरीसाठी श्टुटगार्टजवळ येऊन स्थिरावलेला माणूस. गेली पंधरा वर्षं सुट्टीच्या दिवशी जुन्या क्रॉसबोंच्या प्रतिकृती बनवतो, त्यामुळे उत्तर वर्कशॉपच्या बाजूनं देतो.

आधी आकडा. ओढ म्हणजे दोरी पूर्ण मागे आणल्यावर ती किती जोरानं पुढे खेचते ते. पण बाणाला ढकलण्याचं काम नुसत्या जोरानं होत नाही, तो जोर किती अंतर टिकतो तेही पाहावं लागतं. १२०० पौंड म्हणजे साधारण ५४४ किलो. पोलादी क्रॉसबोत दोरी मागे येते जेमतेम १५ सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. इंग्रजी धनुष्य ओढताना दोरी कानापर्यंत येते, अंतर सुमारे ५५ सेंटिमीटर. जोर आणि अंतर यांचा गुणाकार करून निम्मा करा (दोरी मागे येईल तसा जोर हळूहळू वाढत जातो, म्हणून निम्मा). क्रॉसबोत साठतात सुमारे ४०० ज्यूल, इंग्रजी धनुष्यात १८० च्या आसपास. आठपट होतं ते सव्वादोनपटीवर आलं.

आणि तेही सगळं बाणाच्या पदरात पडत नाही. पोलादी क्रॉसबोचं आडवं धनुष्य म्हणजे जवळजवळ ट्रकचा पाटा, आणि मी त्याला पाटाच म्हणतो. तो दोन-अडीच किलोचा आणि बाण सत्तर-ऐंशी ग्रॅमचा. दोरी सुटली की पाट्याला आधी स्वतःचं अंग पुढे न्यायचं असतं, उरलंसुरलं बाणाला. साठलेल्या शक्तीतली तिसरा हिस्सा ते फार तर निम्मी बाणापर्यंत पोहोचते. लाकडी धनुष्याचे हात हलके, ते दोन तृतीयांशाहून जास्त देऊन टाकतं. हिशोब केलात तर दोघं एकाच रांगेत येऊन बसतात, क्रॉसबो थोडा पुढे. माझ्याकडे येणारा प्रत्येक नवखा पहिला प्रश्न "किती पौंडांचा?" असाच विचारतो. मी उलट विचारतो, दोरी किती मागे येते?

मग एवढा खटाटोप कशासाठी? कारण क्रॉसबो ताणून ठेवता येतो. धनुर्धाऱ्याला १५० पौंड स्वतःच्या खांद्यावर धरून नेम घ्यावा लागतो, आणि तो खांदा कमवायला लहानपणापासूनची तालीम लागते. क्रॉसबोत दोरी एका चकतीच्या खाचेत अडकते आणि तिथंच थांबते. तुम्ही तटाच्या झरोक्याआड वाट बघा, जहाजाच्या कठड्यावर टेकवून लाट खाली जायची वाट बघा. वास्को द गामाच्या १४९७ च्या सफरीत गलबतांवर क्रॉसबो होते ते याच सोयीसाठी. ती चकती बहुधा हरणाच्या शिंगाची, दोन बोटांएवढी जाड, आणि तिला इंग्रजीत नट म्हणतात. आपल्या पान्याच्या नटाशी तिचा संबंध नाही. दांड्याखाली लांबलचक दांडीसारखा चाप असतो, तो मुठीनं वर आवळला की चकती पुढे लोळते आणि दोरी सुटते.

आता ताणायचं कसं. सगळ्यात जुनी रीत अंगाच्या जोराची. बायझंटाईन राजकन्या अॅना कोम्निनी हिनं पहिल्या धर्मयुद्धासाठी आलेल्या पाश्चात्त्यांचं हे हत्यार, तिच्या भाषेत त्झांग्रा, बारकाईनं वर्णन करून ठेवलंय: माणूस जवळजवळ उताणा होतो, दोन्ही पाय धनुष्यावर रोवतो आणि दोन्ही हातांनी दोरी छातीकडे खेचतो. हे मी करून पाहिलंय. दहा वेळा जमतं, नंतर बोटं बोलायला लागतात.

पुढे दांड्याच्या टोकाला रिकीब आली. घोड्याच्या खोगिराला असते तशीच लोखंडी कडी. क्रॉसबो उलटा जमिनीवर टेकवायचा, रिकिबीत पाय घालून तो दाबून धरायचा. मग आला कमरपट्ट्याचा आकडा, आणि माझ्या मते पुढच्या सगळ्या गिअर-कप्प्यांपेक्षा हा शोध मोठा. रुंद चामडी पट्टा, त्याला पुढे लोंबणारा एक किंवा दोन नख्यांचा लोखंडी आकडा. गुडघे वाकवून खाली बसायचं, आकडा दोरीत अडकवायचा आणि नुसतं उभं राहायचं. हातांनी फक्त क्रॉसबो सरळ धरायचा. ओढ घेतात मांड्या आणि पाठ. सिमेंटची गोणी उचलताना आपण जे स्नायू वापरतो तेच. चांगल्या अंगाचा माणूस यानं दीडशे ते तीनशे पौंड ताणतो. मी आता पन्नाशीला आलोय, तरी दोनशेच्या प्रतिकृतीवर मिनिटाला तीन बाण सोडतो, आणि मी शिपाई नाही. याच पट्ट्याला कप्पी जोडून जोर निम्मा करायची युक्तीही होती: दोरखंडाचं एक टोक दांड्याला, एक कमरेला, मधे कप्पीला लटकलेला आकडा.

तुमच्या जिनोआवाल्याच्या कमरेला हा आकडा द्या. १३४६ मध्ये पायदळाच्या हातात जे क्रॉसबो होते ते बहुतेक लाकडाचे किंवा शिंग, लाकूड आणि स्नायूंचे तंतू सरसानं चिकटवून केलेले. जाड पोलादी पाटे आणि ते ताणायची हँडलवाली यंत्रं सर्रास दिसायला लागतात ती पुढच्या शतकात. म्हणजे तुमचा माणूस हँडल मारत उभा नाही. तो दर बाणाला खाली वाकतो आणि वर येतो, खाली वाकतो आणि वर येतो. वाकलेला असताना समोर बघता येत नाही. प्रसंगासाठी हे हँडलपेक्षा भारी आहे असं माझं मत.

मग ते हरले कसे? हे लोक उघड्यावर लढायला शिकलेच नव्हते. त्यांची पद्धत म्हणजे पॅव्हिस नावाची माणसाला झाकेल अशी उभी ढाल पुढे रोवायची आणि तिच्याआड वाकून ताणायचं. त्या दिवशी दिवसभराच्या चालीनंतर त्यांना थेट पुढे ढकललं आणि ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या. वर पावसाची सर येऊन गेली. एका फ्रेंच बखरकारानं लिहिलंय की क्रॉसबोंच्या दोऱ्या भिजल्या, आणि इंग्रजांनी मात्र आपल्या दोऱ्या काढून शिरस्त्राणाखाली डोक्यावर ठेवल्या. यावर लोक वाद घालतात. मी एवढंच सांगतो की इंग्रजी धनुष्याची दोरी काढायला आणि चढवायला पळभर पुरतो, क्रॉसबोची दोरी मैदानात निघत नाही. वाखाच्या किंवा जवसाच्या धाग्याची, करंगळीएवढी जाड, मेण चोळलेली ही दोरी पाट्यावर घट्ट बसलेली असते. ती काढायची तर पाट्याच्या दोन टोकांना शिकंजे लावायचे, त्यांवर दुसरी लांब दोरी चढवायची, ती ताणायची म्हणजे मूळ दोरी सैल पडते. हे बाकावर निवांत करायचं काम. पावसात मेणाचा भरवसा आणि क्रॉसबोवर टाकलेलं कातडं, एवढंच हातात.

पुढच्या शंभर वर्षांत काय बदललं ते दोन चित्रांत बघता येतं. दोन्ही संत सेबॅस्टियनच्या वधाची. पहिलं फ्लॉरेन्सच्या पोल्लाइउओलो बंधूंचं, १४७५ चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीत. खांबावर संत, खाली सहा मारेकरी. त्यांतले अगदी पुढचे मधले दोघे क्रॉसबो ताणताहेत, एक आपल्याकडे तोंड करून, एक पाठ करून. पाय रोवलेले, कंबर मोडून खाली वाकलेले, पोटऱ्यांच्या शिरा फुगलेल्या. चित्रकारानं शरीर किती बारकाईनं पाहिलंय! मी त्या चित्रासमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा संताकडे लक्षच गेलं नाही, त्या माणसाच्या गुडघ्याकडे बघत राहिलो. म्हणजे लक्षात घ्या, १४७५ मध्येही, यंत्रं आल्यावरही, वाकून ताणणं चालू होतं. दुसरं चित्र थोरल्या हान्स होल्बाइनचं, १५१६ चं, म्यूनिकच्या आल्टे पिनाकोटेकमध्ये. तिथं ताणणारा माणूस क्रेनक्विन, म्हणजे हँडल आणि गिअरवालं ताणायचं यंत्र, फिरवतोय. अंगाचा जोर नाही, घाई नाही. न्हाव्यानं वस्तरा परजावा तसं चाललंय.

यंत्रं मुख्यतः दोन. विंडलास ओळखीचा वाटेल, कारण तो आपल्या विहिरीच्या रहाटाचाच भाऊ. दांड्याच्या मागच्या टोकावर एक लोखंडी टोपण चढवायचं, त्याला दोन्ही बाजूंनी हँडलं असलेला रूळ. रुळावरून दोर पुढे कप्प्यांतून जातात आणि कप्प्यांच्या चौकटीला दोन आकडे, ते दोरीत अडकतात. पाय रिकिबीत, दोन्ही हातांनी हँडलं फिरवायची. दोरी चकतीत अडकली की आकडे सोडवायचे, टोपण उपसायचं, सगळा लोंबता पसारा कमरेला लटकवायचा, मग बाण ठेवायचा. फिरवायला वेळ लागत नाही, वेळ खातो तो पसारा. ओले दोर एकदा एकमेकांत अडकले की पतंगाचा मांजा गुंतल्यासारखं होतं, फक्त इथं समोरून कोणीतरी तुम्हाला मारायला येत असतं. म्हणून हा तटावरच्या माणसाचा सोबती. तटावर वेळ असतो आणि आडोसाही.

क्रेनक्विन माझ्या जिव्हाळ्याचा. ट्रक उचलायचा रॅकवाला जॅक बघितलाय ना, तोच आडवा करून दांड्यावर बांधला की क्रेनक्विन झाला. एक दातेरी लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला दोरी पकडणाऱ्या दोन नख्या. एक गोल डबी, आत गिअर. डबीला जाड दोराचं वेटोळं असतं, ते दांड्यावरून सरकवून मागच्या दोन खुंट्यांना अडकवायचं. हँडल फिरवलं की पट्टी मागे येते. मी केलेल्या पहिल्याचा हिशोब सांगतो. हँडलचा पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, ४ दातांचा, मोठं चाक ३२ दातांचं, म्हणजे हँडलचे आठ फेरे झाले की मोठ्या चाकाचा एक. त्याच चाकाच्या आसावरचा दुसरा पिनियन पुन्हा ४ दातांचा, पट्टीवरचे दात १२ मिलिमीटर अंतरावर. म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात पट्टी सरकते फक्त ६ मिलिमीटर. १८ सेंटिमीटरच्या हँडलवर हात तेवढ्यात एक मीटर १३ सेंटिमीटर फिरतो. कागदावर १८८ पट. घर्षणानं निम्मं खाल्लं तरी ७०० पौंडांचा पाटा हाताला साडेतीन किलोचा लागतो. शाळेतलं पोर ताणेल. पण १४ सेंटिमीटरला २३ फेरे, आणि लावणं-काढणं धरून माझी पाऊण मिनिटं कधी चुकली नाहीत.

त्या पहिल्या क्रेनक्विननं मला शिक्षाही केली. पिनियनच्या दातांना पाणी दिलं आणि उत्साहात टेम्परिंग, म्हणजे ठिसूळपणा घालवायला पुन्हा मंद तापवणं, न करताच बसवला. दात काचेसारखे कडक आणि तितकेच ठिसूळ. सतराव्या-अठराव्या फेऱ्याला आत 'टक्' असा बारीक आवाज आला. दात उडाला, पट्टी दांड्यावरून सुसाट पुढे गेली, हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं. हाड वाचलं, घड्याळ गेलं. तेव्हापासून जुन्या नगांचे गिअर भिंगाखाली बघताना मी त्या लोहारांना मनातल्या मनात हात जोडतो. त्यांच्याकडे कडकपणा मोजायचं यंत्र नव्हतं, पोलादाचा लालसर-पिवळा रंग बघून ते ठरवायचे, आणि त्यांचे काही नग आजही फिरतात.

क्रेनक्विनचा खरा फायदा वेगात नाही. त्याला रिकीब लागत नाही, जमिनीवर पाय रोवावा लागत नाही, म्हणून तो घोड्यावर बसून चालवता येतो. उमराव शिकारीला हाच नेत. तुमच्या कादंबरीत पुढे घोडेस्वार क्रॉसबोवाला येणार असेल आणि काळ पंधराव्या शतकाचा असेल तर त्याला हा चालेल, किंवा आणखी स्वस्त असं गोट्स फूट, म्हणजे शेळीच्या खुरासारखं दुभंगलेलं टोक असलेलं तरफेचं साधन. त्याचे दोन वाकडे पाय दांड्यावरच्या खुंट्यांवर टेकतात, मधली नखी दोरी धरते, लांब दांडी एकदा मागे ओढली की काम झालं. झटपट, पण तीन-साडेतीनशे पौंडांच्या पुढे दमतं. विंडलास मात्र घोडेस्वाराला देऊ नका. तो प्रकार मी छापलेल्या चित्रांत पाहिलाय आणि हसलोय.

संग्रहालयात एखादा क्रॉसबो दिसला, शेजारी साधन नसलं, तरी तो कशानं ताणत हे दांडाच सांगतो. पुढे रिकीब आहे आणि दांड्याच्या बाजूला खुंट्या नाहीत, तर आकडा किंवा विंडलास. मागचं टोक टोपण बसेल असं सरळ, चौकोनी असेल तर विंडलासकडे झुका. खुंट्या चकतीच्या अगदी लगत मागे असतील तर गोट्स फूट. खुंट्या त्याहून बऱ्याच मागे असतील तर क्रेनक्विन, कारण त्याचं वेटोळं आणि डबी मावायला जागा लागते. मी कुठल्याही संग्रहालयात आधी खुंट्या शोधतो, नक्षी नंतर.

नक्षीवरून आठवलं. शिंगाचे पाटे पोलाद आल्यावर संपले असं समजू नका. आमच्या श्टुटगार्टच्या काउंट उलरिक पाचव्याचा १४६० सालचा क्रॉसबो आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, आणि त्याचं धनुष्य शिंगाचं आहे. पैसेवाला उमराव, पोलाद मिळत असताना, शिंगच घेतो. शिंगाचं धनुष्य वजनाला हलकं, आपली शक्ती बाणाला जास्त देतं, आणि आल्प्सच्या थंडीत पोलादासारखं अचानक तुटायची धास्ती नाही. तुटलेला पोलादी पाटा मी एकदाच पाहिलाय. तुकडा लाकडी भिंतीत घुसला होता, आणि तिथं सुदैवानं कोणी उभं नव्हतं.

बंदीचं दोन वाक्यांत. ११३९ मध्ये चर्चच्या दुसऱ्या लॅटरन परिषदेनं ख्रिस्ती लोकांविरुद्ध क्रॉसबोवाले आणि साधे धनुर्धारी, दोघांच्याही वापराला मनाई केली, एकट्या क्रॉसबोला नाही. ती कोणी मनावर घेतली नाही: साठ वर्षांनी, ११९९ मध्ये, इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या शालूच्या किल्ल्यासमोर खांद्यात क्रॉसबोचा बाण लागून, जखम चिघळून मेला.

आता तुमच्या पानावरच्या बारीक गोष्टी. बाणाला तुम्ही तीन पिसं लावलीत, क्रॉसबोच्या बाणाला दोनच पानं असतात, तिसरं दांड्याला घासेल. बाण आखूड आणि जाडजूड, बोटभर नव्हे पण हातभरही नाही. सुटताना 'सणसण' लिहिलंय, ते इंग्रजांच्या बाणांना ठेवा. क्रॉसबोचा आवाज कोरडा आणि जड असतो, ओल्या फळीवर कोणी हातोडा मारल्यासारखा. आणि 'त्याने बोट चापावर ठेवले' हे वाक्य बदला. त्या काळच्या क्रॉसबोला बोटाचा चाप नाही. दांड्याचा मागचा भाग खांद्यावर किंवा गालाशी, आणि खालची लांब दांडी चारही बोटांनी वर आवळायची, सायकलचा ब्रेक दाबतो तशी, फक्त सावकाश.